हळदीचंच हाय

हंगाम लागल्यापासून डॉक्टरीणबाईच्या फोनचा दिवस आला की जन्नतबीला सकाळधरनं घोर लागायचा. गावातल्या बायका नवऱ्याच्या अंगाला हळद लागलेली जन्मात एकदा बघतात. हिच्या नशिबी नवऱ्याची हळद दर पंधरवड्याला खरवडून काढणं आलं होतं. परसात दगडावर रसूलला बसवायचं, कढत पाण्यात काथ्या बुडवायचा आणि घासत सुटायचं. कानाच्या पाळीमागं, भुवयांत, नखांच्या कडेला, मानेच्या वळ्यांत, जिथं बघावं तिथं पिवळं. पाणी ओतलं की दगडावरनं पिवळा ओघळ नाल्यापर्यंत जायचा.

"आगं, कातडं निघंल!"

"निघू द्या. पिवळं दिसलं त्या बाईला तर तोंड कोण दावणार, तुमी का मी?"

"मीच दावतोय की. तू नुसता फोन धरतीस."

रसूलचा ड्रम होता. लोखंडी जाळीचा, माणूस आत उभा राहील एवढा. हळद शिजली, वाळली की शेतकरी आपला ट्रॅक्टर घेऊन यायचा, ड्रम मागं जोडायचा आणि खळ्यावर न्यायचा. हळकुंडं आत टाकून दार लावलं की ड्रम फिरायचा, वरची साल झडायची आणि हळकुंडाला झळाळी यायची. ती झळाळी सांगलीच्या बाजारात दिसायची. झडलेली साल मात्र धूळ होऊन रसूलच्या नाकात जायची. बापाच्या हाताखाली सूप पाखडत होता तेव्हापासनं जात होती.

गेली कैक वर्षं त्याचं नाक कधी मोकळं नव्हतं. कपाळ ठणकायचं, वरच्या दाढा दुखायच्या, घशात सारखं काहीतरी उतरायचं. वास तर केव्हाचाच गेला होता. ईदचा शीरखुर्मा आणि गुरांची पेंड त्याला सारखीच. शेवटी दिवाळीनंतर मिरजेला दुर्बिणीनं ऑपरेशन झालं. ते करणाऱ्या डॉक्टर रेश्मा मॅडम वयानं तशा लहानच, पण बोलणं रोखठोक. जन्नतबी त्यांना डॉक्टरीणबाई म्हणायची.

"ऑपरेशननं निम्मं काम झालंय," घरी सोडताना त्या म्हणाल्या होत्या. "निम्मं तुमच्या हातात. रोज दोनदा मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं. धुळीत पाऊल टाकायचं नाही. दर वेळी मिरजेला यायची गरज नाही, मी मोबाईलवर बघीन. मात्र डोळा सुजला, एकाचे दोन दिसायला लागले, तर फोन करत बसू नका. थेट या."

"व्हय व्हय," रसूल म्हणाला होता. मिरजेला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, ते वाचलं याचाच त्याला आनंद. माघापर्यंत सगळं ठीक चाललं. नाक मोकळं झालं. एके दिवशी चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाला, "लसूण जळाला गं." जन्नतबीच्या हातातली पळी तशीच राहिली. एवढ्या वर्षांनी नवऱ्याला तिच्या हातचा वास आला होता. तिला रडूच फुटलं.

आणि मग हळदी शिजायला लागल्या. बाळासो पाटील दारात येऊन उभा राहिला. गावातलं सगळ्यात मोठं खळं त्याचं.

"रसूल, तुझ्या भरवशावर हाय गड्या. का त्या खालच्या गावच्या ड्रमवाल्याला सांगू? तो रोज फोन करतोय."

एकदा खळं दुसऱ्याच्या ड्रमाला गेलं की पुन्हा परत येत नाही, हे रसूलला पक्कं ठाऊक. बाळासोचं गेलं की त्याच्या भावकीची खळी आपोआप जाणार. पोरगा नईम साताऱ्याला कंपनीत, पण ठेकेदाराच्या हाताखाली, आज आहे उद्या नाही. ड्रम हाच घराचा आधार. रसूलनं तोंडाला गमछा गुंडाळला, डोळ्याला काळा गॉगल लावला आणि गेला. जन्नतबी पोती भरायला मागोमाग गेली. नको म्हणावं असं तिला फार वाटलं, पण म्हणाली नाही.

तेव्हापासून फोनची ही तऱ्हा सुरू झाली. न्हाऊ-माखू घातलेला रसूल, इस्त्रीचा सदरा, डोक्यावर पांढरी टोपी, मागं नुकतीच चुना मारलेली भिंत. जन्नतबी समोर बसून फोन धरायची.

"कसं आहे काका?"

"झ्याक हाय."

"धुळीत जात नाही ना?"

"छ्या! घरातच आसतोय. शेरडं बघतोय."

"नाकातून काही येतं? रंग कसला? पांढरा, पिवळा, हिरवा?"

"पांढरं. पाण्यागत."

इथं मात्र खोटं बोलतोय असं त्याला वाटायचं नाही, आणि खरं सांगायचं तर जन्नतबीलाही नाही. पिवळं यायचं, घट्ट यायचं, पण ते हळदीचं. हंगामात खळ्यावरचा माणूस थुंकला तरी पिवळं थुंकतो, गडी शिंकरले की भिंतीवर पिवळे डाग. बाळासोचंही पिवळं, पोती शिवणाऱ्या मनुबाईचंही पिवळं. त्यात सांगायचं काय? सांगावं तर हळदीत जातोय हे कळणार. मग हळद वजा करून जे उरेल ते पांढरंच असणार, असा दोघांनी हिशेब धरला होता. चांगल्या जाणत्या माणसांनी धरलेला हिशेब, आणि साफ चुकीचा!

तेवढ्यात रमजान आला. ऊन तापलेलं, खळी भरलेली. रसूलनं रोजे धरले.

"आजाऱ्याला सूट हाय की," जन्नतबी म्हणाली. "मौलानांनी तुमच्यादेखत सांगितलं."

"मी कुटं आजारी हाय? डॉक्टरीण काय म्हणली, झ्याक हाय."

"ती न्हाई म्हणली. तुमी म्हणलाय."

तो हसला. पण रोजा धरल्यावर दिवसा नाक धुवायचा प्रश्नच मिटला, पाणी घशात उतरलं तर रोजा मोडेल म्हणून. इफ्तारनंतर धुवायचं ठरलं होतं. इफ्तारनंतर त्याच्या हातातला घास हातातच राहायचा आणि मान छातीवर पडायची. जन्नतबी मिठाचं पाणी कोमट करून आणायची, त्याला हलवायची. "उद्या," एवढं म्हणून तो आडवा व्हायचा. ते पाणी ती मोरीत ओतायची. उद्या, उद्या करत नाक धुणं सुटलं ते सुटलंच.

लसणाचा वास पुन्हा गेला, तेही त्यानं सांगितलं नाही. तिलाच कळलं. भाजी लागली, धूर घरभर झाला आणि हा चुलीशेजारी गप बसून होता.

मग डाव्या भुवईवर ठणका लागला. वाकलं की कपाळ फुटतंय असं व्हायचं. दोन दिवसांत वरची पापणी सुजली, लाल झाली.

"आवं, डोळा," जन्नतबी म्हणाली. "डॉक्टरीणबाई काय म्हणलीवती?"

"हंगामात कुणाचा डोळा सुजत न्हाई? धूळ गेलीया. लेप लाव."

तिनं लेप लावला. हळदीचाच! घरात पोत्यानं पडलेली, सुजेवर दुसरं काय लावणार? भुवईपासून गालापर्यंत जाड लेप दिला. तो वाळला, तडकला, पुन्हा लावला. आतलं लाल पिवळ्याखाली झाकून गेलं आणि दोघांनाही जरा बरं वाटलं.

त्यातच फोनचा दिवस उगवला. काथ्यानं घासायला गेली तर रसूल कळवळला. लेप निघाला, रंग काही निघेना. मग त्यानं गॉगल लावला आणि फोनपुढं जरा तिरका बसला, उजवा गाल पुढं काढून.

"काका, घरात गॉगल का घातलाय? काढा बघू."

"उजेड लय लागतोय."

"काढा."

त्यानं काढला. फोनच्या पलीकडं डॉक्टरीणबाई एकदम पुढं झुकल्या.

"तोंड पिवळं कशानं झालंय?"

"लेप लावलावता. घरचा."

"कशासाठी? डावीकडं वळा. मावशी, फोन जवळ न्या. अजून जवळ. काका, मान न हलवता वर बघा. आता डावीकडं. दुखतंय?"

रसूलनं मांडीआडून जन्नतबीच्या गुडघ्याला चिमटा काढला. बंद कर. ती खूण ठरलेली नव्हती, पण तीस वर्षांच्या संसारात बाईला खूण शिकवावी लागत नाही. पडद्यावर डॉक्टरीणबाईंचा चेहरा तिच्याकडं बघत होता. तिच्या अंगठ्याखाली लाल बटण होतं. तिनं ते दाबलं.

"रेंज गेली म्हणायचं," रसूल म्हणाला.

फोन लगेच पुन्हा वाजला. वाजू दिला. मग निरोप उमटला. जन्नतबी शाळा अर्धवट सोडलेली, तिनं अक्षर अक्षर लावून वाचलं: काका, डोळ्याला धोका आहे. आजच निघून या. वाट बघते.

"ऐकलंसा का? धोका हाय म्हणत्यात."

"बाळासोच्या हळदीचे गड्डे तेवढे राह्यलेत. ते झालं की जाऊ. आज ड्रम सोडून गेलो तर तो सांजच्याला दुसरा ड्रम आणंल." त्यानं गॉगल लावला. "तू न्हाई म्हणलीस म्हणून काय ड्रम थांबणार हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यावर ड्रम फिरत होता. ट्रॅक्टरच्या धडधडीनं कानाला दडे बसलेले, हवा पिवळी झालेली, पलीकडचं माणूस दिसेना. जन्नतबी ताडपत्रीवर बसून पोत्यात हळकुंडं भरत होती, पण तिचं सगळं ध्यान रसूलच्या पाठीवर. तो चालताना डावीकडं झोकांड्या खात होता. ट्रॅक्टर थांबला, ड्रम थांबला. रसूल दार उघडायला पुढं झाला. त्यानं कडीला हात घातला, आणि हात हवेत मिटला. कडी वीतभर बाजूला होती. पुन्हा हात घातला. पुन्हा हवेतच.

"आरं, काय रं!" बाळासो हसला. "रोजा चढला का काय?"

खळ्यावरचे गडीही हसले. रसूलही हसला. मग त्यानं एका हातानं ड्रम चाचपला, जाळीवरनं बोटं सरकवत सरकवत कडी शोधायला लागला, आणि हसणारे गप झाले. जन्नतबीनं पोतं टाकलं आणि धावली. तिनं त्याचा गॉगल ओढून काढला.

डावा डोळा खोबणीतनं पुढं आला होता. पापणी मिटत नव्हती.

"दोन दोन दिसाया लागलंय," रसूल हळू म्हणाला. "कालपासनं." आणि तिथंच ड्रमाला टेकून त्याला उलटी झाली, पहाटेपासनं पोटात पाण्याचा थेंब गेला नसताना.

बाळासोनंच त्याला जीपमध्ये घातलं. वाईट माणूस नव्हता तो. मिरजेपर्यंत गाडी अशी हाणली की जन्नतबीनं दोन्ही हातांनी रसूलचं डोकं मांडीवर दाबून धरलं होतं. त्याचा ताप तिच्या लुगड्यातनं लागत होता.

दवाखान्यात त्याला तसंच आत नेलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा दुपार कलली होती. नाकातला पू डोळ्यामागं साचला होता, मेंदूकडं निघाला होता. तो अडवला. जीव राहिला. डाव्या डोळ्याची नजर गेली, ती परत येणार नाही.

जन्नतबी ऐकून भिंतीला टेकली.

"मावशी, नाकातून पिवळं कधीपासून येत होतं?"

"ते हळदीचं हाय," ती म्हणाली. सवयीनंच म्हणाली.

डॉक्टरीणबाई तिच्याकडं बघत राहिल्या. तिचा पिवळा पदर, पिवळी नखं, पायाच्या भेगांतली पिवळी रेघ. मग त्या शेजारी बाकावर बसल्या. दमल्या होत्या.

"मावशी, फोनवर मला हात लावून बघता येत नाही. तुम्ही सांगाल तेवढंच मला दिसतं. रंग मला तुमच्याच तोंडून कळतो." आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "त्या दिवशी फोन कट झाला, तो रेंजमुळं का?"

जन्नतबीनं मान खाली घातली. डॉक्टरीणबाई उठून आत गेल्या.

मग ती वॉर्डातच राहिली. पांढरी चादर, पांढरी भिंत, धुळीचा कण नाही. दवाखान्यातनं दिलेल्या पांढऱ्या फडक्यानं ती रसूलचं नाक टिपायची. पहिल्या दिवशी पिवळं आलं. अंगात मुरलेली हळद, ती मनाशी म्हणाली. दुसऱ्या दिवशी आलं. पुढंही येतच राहिलं, घट्ट, पिवळं, कडेला हिरवट. खळ्यापासून एवढ्या लांब, हळदीचा वासही नसलेल्या जागेत! एका सकाळी ती फडकं घेऊन खिडकीपाशी गेली, उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं. आणि तिला कळलं. हा रंग हळदीचा नव्हता. कधीच नव्हता. महिनाभर ती पूच टिपत होती, पूच धूत होती, आणि फोनपुढं बसून पांढरं म्हणत होती. तिनं फडकं तोंडात कोंबलं आणि त्या खिडकीपाशी उभ्या उभ्या रडून घेतलं. रसूलला ऐकू जाऊ नये एवढीच तिची धडपड होती.

ईदच्या आधी घरी आणलं. नईम साताऱ्याहून रजा काढून आला होता. रजा लांबली, तेव्हा ठेकेदारानं तिकडनंच सांगितलं, आता येऊ नको. बाळासोचा निरोप आला, ड्रम पोरगं चालवणार असलं तर भावकीची खळी अजून धरून ठेवतो. माणुसकीनंच म्हणाला. नईमनं बापाचा गमछा तोंडाला बांधला, बापाचाच गॉगल लावला. जन्नतबी दारात आडवी झाली.

"तू जायाचं न्हाई."

"मग कोण जाईल अम्मी? अब्बा?"

ओट्यावर रसूल बसला होता, डोळ्यावर पट्टी. दोघांचं ऐकून त्यानं तोंड फिरवलं. जन्नतबी दारातनं बाजूला झाली. नईम रोज जाऊ लागला, आणि संध्याकाळी परसातल्या दगडावरनं पुन्हा पिवळा ओघळ नाल्यापर्यंत जाऊ लागला.

ईदला ड्रम बंद राहिला. ईद झाली, दुसऱ्या दिवशीची बाशी ईदही झाली, पाहुणे आले-गेले. शीरखुर्मा रसूलनं चव न लागता खाल्ला. त्यानंतरच्या सकाळी फोनचा दिवस होता. जन्नतबीनं पाणी तापवलं, काथ्या घेतला, आणि मग लक्षात आलं, घासण्यासारखं त्याच्या अंगावर काही नव्हतंच. तो चुन्याच्या भिंतीपुढं येऊन बसला. एक डोळा बंद, एक उघडा.

"काका, धुळीत जात नाही ना?"

"न्हाई," रसूल म्हणाला. या वेळी ते खरं होतं.

"नाक धुता?"

"ही धुती. दोन टायमाला."

"रंग?"

रसूलनं जन्नतबीकडं पाहिलं. "पांढरा हाय," ती म्हणाली. "फडकं दावते." तिनं दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, बरं वाटल्यासारखी.

"छान. उजवा डोळा सांभाळा. ठेवू मग?"

तेवढ्यात परसात नईम शिंकरला. मोठ्यानं, कपाळाला हात लावून. मग गमछ्याच्या टोकानं नाक पुसून तो आत आला. ड्रमाला जायला निघाला होता. टोकावर डाग होता. जन्नतबीची नजर त्या डागावर खिळली.

"नईम, ते काय?"

"कुटं काय?" त्यानं गमछ्याकडं पाहिलं. "हळदीचंच हाय अम्मी."

रसूलचा हात हळूच सरकला आणि जन्नतबीच्या गुडघ्यावर आला. बंद कर. अंगठ्याखाली लाल बटण होतं. बाहेर ट्रॅक्टर येऊन थांबला, बाळासोच्या गड्यानं हॉर्न दिला.

तिनं तो हात उचलला आणि त्याच्या मांडीवर परत ठेवला.

"मावशी? आहात ना?"

"हाय. ठेवू नगा." ती उठली. फोन एका हातात, दुसऱ्या हातानं दोरीवरचं धुतलेलं पांढरं फडकं ओढलं. "ईदपासनं ह्यो माझा पोरगा ड्रमाकडं फिरकला न्हाई, डॉक्टरीणबाई. तीनदा न्हालाय. ह्याच्या अंगावर कण न्हाई हळदीचा." मग पोराकडं वळली. चांगला मिशीवाला पोरगा, तिच्यापेक्षा हातभर उंच. तिनं त्याची मानगूट धरली आणि खाली वाकवली, लहानपणी धरायची तशी.

"शिंकर."

"अम्मी, ट्रॅक्टर थांबलाय..."

"शिंकर म्हणते ना!"

तो शिंकरला. जन्नतबीनं फडकं उलगडलं. स्वतः बघितलं नाही. दारातल्या उन्हात गेली आणि ते फोनपुढं धरलं.

"आता रंग तुमी सांगा," ती म्हणाली. "आमाला कळत न्हाई."

बाहेर हॉर्न वाजतच होता.